सदुसष्ट एकांची संख्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही संख्या मोठ्याने वाचायला घेतली तर सुरुवातीलाच अडखळायला होतं. एकं, दहं, शतं अशी जी माळ आपल्याकडे पाठ करून घेतली जायची, ती अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत परार्धाला संपते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावंही अठराव्या स्थानावर, परार्धापाशीच थांबतात. वरच्या संख्येत एकवीस अंक आहेत. चौदाशे पंचाहत्तर परार्ध आणि वर बरंच काही, इतकंच तिच्याबद्दल बोलता येतं.

अंकांकडे पाहिलं तर त्यांत ना क्रम, ना लय. कुणीतरी डोळे मिटून लिहिल्यासारखे ते दिसतात. तिची घडण मात्र अगदी साधी आहे. २ हा आकडा ६७ वेळा मांडायचा, सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करायचा. संगणक ज्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, संख्या मांडतो, त्या पद्धतीत ती लिहिली तर सलग ६७ एक येतात, एकही शून्य नाही. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. आपण या संख्येला म-६७ म्हणू. २ च्या अकराव्या घातातून १ वजा केला की म-११, पाचव्या घातातून केला की म-५, याप्रमाणे.

तिची आणखी एक ओळख आहे. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ नावाचा खेळ बाजारात आणला. तीन खुंट्या, एका खुंटीवर उतरत्या आकाराच्या चकत्या. एका वेळी एकच चकती उचलायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. चकत्या ६७ असतील तर कमीत कमी चाली लागतात त्या बरोब्बर म-६७. सेकंदाला एक चाल केली तरी सुमारे ४ लाख ६७ हजार कोटी वर्षं लागतील; विश्वाचं वय आजच्या अंदाजाने १,३८० कोटी वर्षं आहे. हा ल्युका पुढे आपल्याला वेगळ्या कामासाठी लागणार आहे.

पण म-६७ गणिताच्या इतिहासात आली ती या खेळामुळे नाही. तिला तिथे आणलं एका धर्मगुरूने, आणि तेही चुकीच्या यादीतून.

मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला पॅरिसमधला कॅथलिक साधू. स्वतः मोठा गणितज्ञ नव्हता, पण त्या काळात नियतकालिकं नसताना युरोपभरच्या विद्वानांची पत्रं त्याच्याकडे यायची आणि त्याच्याकडून पुढे जायची. देकार्त, फर्मा ही त्याच्या पत्रव्यवहारातली माणसं. १६४४ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने एक विधान केलं: २५७ पर्यंतचे घातांक घेतले, तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांकांनाच अशी संख्या मूळ असते, बाकी सगळ्या संयुक्त. मूळ म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही अशी.

या संख्यांचं एवढं अप्रूप का, याचं उत्तर युक्लिडमध्ये आहे. ६ चे स्वतःखेरीजचे विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दाखवलं होतं की म-३ किंवा म-५ सारखी एखादी संख्या मूळ निघाली, की तिला २ च्या योग्य घाताने गुणून एक परिपूर्ण संख्या मिळते. २८ म्हणजे ४ गुणिले ७, आणि ७ म्हणजेच म-३. तेव्हा मर्सेन खरा असेल, तर म-६७ ला २ च्या ६६व्या घाताने गुणलं की एकेचाळीस अंकी परिपूर्ण संख्या मिळायला हवी होती.

घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्याही संयुक्तच असते, हे सोपं आहे; म-६ ला म-२ ने आणि म-३ ने भाग जातोच. उलट मात्र खरं नाही. ११ ही मूळ संख्या, पण म-११ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. हे सोळाव्या शतकातच ठाऊक होतं. ६७ मूळ आहे म्हणून म-६७ ला परीक्षेला बसण्याची परवानगी मिळते, इतकंच. मर्सेनने एकवीस अंकी संख्येची परीक्षा घेतली तरी कशी? घेतली नाही, हे उघड आहे. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय. यादीत ६७ कुठून आला याबद्दल एक तर्क आहे तो मला पटतो: खरा आकडा ६१ असावा आणि नक्कल करताना किंवा छापताना १ चा ७ झाला असावा. म-६१ खरोखरच मूळ आहे आणि ती यादीत नाही.

आता परीक्षेची अडचण आकड्यांत पाहू. म-६७ चं वर्गमूळ सुमारे १,२१५ कोटी. ती संयुक्त असेल तर तिचा एखादा मूळ अवयव या मर्यादेच्या आत सापडायलाच हवा. या मर्यादेखाली मूळ संख्या आहेत सुमारे ५५ कोटी. प्रत्येकीने भागून बघायचं म्हटलं तर प्रश्न तिथेच मिटला.

फर्माने १६४० मध्ये हा डोंगर बराच खाली आणला. घातांक ६७ असेल तर म-६७ चा कुठलाही विभाजक ६७ ने भागल्यावर १ बाकी उरवतो, असा त्याचा शोध. विभाजक विषमही असणार, म्हणून तो १३४ च्या पटीहून १ ने जास्त असणार. २३ आणि ८९ पाहा: २२ अधिक १, ८८ अधिक १. याच युक्तीने फर्माने म-३७ चा अवयव २२३ शोधला होता. २२३ म्हणजे ३७ च्या सहापटीहून १ जास्त. पुढे गणितज्ञ ऑयलरने आणखी एक अट जोडली: विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी लावल्या की ५५ कोटींतले सुमारे ४१ लाख उमेदवार उरतात. ऑयलरने १७७२ मध्ये म-३१, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचं सिद्ध केलं ते अशा चाळणीच्या बळावर. म-६७ साठी मात्र ४१ लाख भागाकार, तेही एकवीस अंकी भाज्याचे, आणि त्याआधी त्या ४१ लाख मूळ संख्या शोधून काढणं! एवढ्या मोठ्या मूळ संख्यांच्या छापील याद्या तेव्हा नव्हत्याच.

इथे ल्युका येतो. त्याने भागाकारांचा रस्ताच सोडला.

त्याच्या कसोटीचं आज वापरात असलेलं सुबक रूप डेरिक लेमरने १९३० मध्ये दिलं, पण गाभा ल्युकाचाच. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, आणि जी मर्सेन संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केलं आणि शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. म-५, म्हणजे ३१, घेऊ. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. त्याचा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ ने भागून बाकी ८. त्याचा वर्ग ६४, वजा २, ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. तीन पायऱ्या झाल्या, ३१ मूळ. म-११ ला नऊ पायऱ्या लागतात: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ संयुक्त.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं. २०४७ संयुक्त आहे हे आपण सिद्ध केलं, पण २३ आणि ८९ कुठे दिसले? कुठेच नाही. १७३६ या आकड्यात त्यांचा मागमूस नाही. संख्या फुटते हे नक्की, पण कुठे फुटते हे ही कसोटी सांगत नाही. तिला ते माहीतच नसतं. लहानपणापासून आपण संयुक्त संख्या ओळखतो ती अवयव दाखवूनच. १५ संयुक्त का, तर ३ आणि ५. हा पुराव्याचा एकच प्रकार आपल्या परिचयाचा. ल्युकाने दुसरा प्रकार दाखवला, आणि त्यात गुन्हा सिद्ध होतो पण गुन्हेगार मोकळाच राहतो.

१८७६ मध्ये ल्युकाने दोन निकाल जाहीर केले. म-१२७ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे; मर्सेनचा तो अंदाज बरोबर. हाताने हिशेब करून मूळ ठरलेली एवढी मोठी संख्या दुसरी नाही, आणि १९५१ पर्यंत माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या तीच होती. दुसरा निकाल: म-६७ संयुक्त आहे. ल्युका १८९१ मध्ये वारला, तोही विचित्र कारणाने. एका मेजवानीत फुटलेल्या चिनी मातीच्या भांड्याचा तुकडा उडून त्याच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. म-६७ चे अवयव त्याला कधीच कळले नाहीत.

ते शोधले फ्रँक नेल्सन कोल याने. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८६१ चा जन्म, शिक्षण हार्वर्डला, मध्यंतरी लाइप्झिगमध्ये फेलिक्स क्लाइन यांच्याकडे अभ्यास, नंतर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा चिटणीस म्हणून त्याने १८९६ ते १९२० अशी चोवीस वर्षं काढली. सभा, इतिवृत्त, पत्रव्यवहार यांत बुडालेला माणूस. अशा माणसाने फावल्या वेळात काय केलं, तर एकवीस अंकी संख्या फोडली.

कशी फोडली हे त्याने १९०३ मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकात छापलेल्या छोट्या लेखात सांगितलं. त्या पद्धतीचा पहिला भाग इतका देखणा आहे की तो २०४७ वर करून बघायलाच हवा.

समजा २०४७ चे दोन विभाजक आहेत. फर्माच्या नियमाप्रमाणे दोघांनाही ११ ने भागलं की १ उरतो. म्हणजे एक ११ ची काहीतरी पट अधिक १, दुसराही तसाच. गुणाकार मांडला की त्यात तीन तुकडे पडतात: १२१ ची एक पट, मग ११ गुणिले दोन्ही पटींची बेरीज, आणि शेवटी १. आता विभाजकांची बेरीज मांडा: ११ गुणिले त्याच दोन पटींची बेरीज, अधिक २. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की लक्षात येतं: १२१ च्या पटी बाजूला ठेवल्या, तर बेरीज ही गुणाकारापेक्षा १ ने जास्त आहे, बस. विभाजक माहीत नाहीत, पण त्यांच्या बेरजेला १२१ ने भागल्यावर काय उरेल हे मात्र आपल्याला आत्ताच माहीत झालं. २०४७ अधिक १ म्हणजे २०४८. १२१ ने भागून बाकी ११२. तेव्हा बेरीज ११२ असेल, नाही तर २३३, नाही तर ३५४, अशी १२१ च्या ढांगांनी पुढे.

११२ खरी मानू. तिची निम्मी ५६. इथे शाळेतलं सूत्र कामाला येतं: दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या निम्म्या बेरजेचा वर्ग वजा निम्म्या वजाबाकीचा वर्ग. ५६ चा वर्ग ३१३६. त्यातून २०४७ गेले, उरले १०८९. हा पूर्ण वर्ग आहे का? आहे, ३३ चा. ५६ वजा ३३ म्हणजे २३, ५६ अधिक ३३ म्हणजे ८९. पहिल्याच फटक्याला संख्या फुटली.

म-६७ साठी ११ च्या जागी ६७ आणि १२१ च्या जागी ६७ चा वर्ग, ४,४८९. पण अपेक्षित बेरीज आहे काही हजार कोटींच्या घरात, आणि ४,४८९ च्या ढांगा टाकत तिथे जायचं म्हणजे पुन्हा तीच दमछाक. म्हणून कोलने ढांग मोठी केली. ८, ८१, ५, ७ आणि १३ या संख्यांनी भागल्यावर निम्म्या बेरजेची बाकी काय असायला हवी, हेही त्याने शोधून काढलं. ही माहिती फर्माच्या नियमातून फुकट मिळत नाही. त्यासाठी म-६७ च्या पटींच्या जवळपास येणारे वर्ग शोधत बसावं लागतं. कुठला वर्ग म-६७ ने भागल्यावर अगदी लहान अवयवांची बाकी उरवतो, याचा तो शोध असतो. असे पुरेसे वर्ग जमले की विभाजकांवर नवनव्या अटी येतात. खरी मेहनत या भागात आहे, आणि तिला कुठलाही आडरस्ता नव्हता.

सगळ्या अटी एकत्र केल्यावर उरलं ते असं. निम्मी बेरीज म्हणजे १,३२,३५,३६,७६० ची काहीतरी पट अधिक १,१६,०९,३२,३८४. (पहिल्या आकड्याला ४,४८९ ने भागून पाहा, नीट भाग जातो, उरलेल्या २,९४,८४० मध्ये ८, ८१, ५, ७, १३ सगळे बसलेले आहेत.) निम्मी बेरीज वर्गमूळापेक्षा मोठी असायला हवी, म्हणून पट नवव्यापासून पुढची. प्रत्येक पटीला वर्ग करा, म-६७ वजा करा, उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का पाहा. पूर्ण वर्ग कधी २, ३, ७ किंवा ८ वर संपत नाही, अशा युक्त्यांनी बऱ्याच पटी झटकन बाद होतात. कोलला उत्तर मिळालं २८७व्या पटीला. निम्मी बेरीज ३,८१,०१,५९,८२,५०४. निम्मी वजाबाकी ३,८०,८२,२२,७४,७८३. त्यांतून विभाजक:

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७

फर्माच्या अटीवर पहिला घासून पाहता येतो: १३४ गुणिले १४,४५,५८०, अधिक १. आठाने भागून बाकी पहिल्याची १, दुसऱ्याची ७. ऑयलरचीही अट पुरी. दोन्ही संख्या स्वतः मूळ आहेत, त्यामुळे फोड इथेच संपते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यू यॉर्कमध्ये सोसायटीची सभा होती आणि कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर कोलचा निबंध होता. पुढची हकीकत एरिक टेंपल बेल यांनी लिहिली आहे. कोल काही न बोलता फळ्याकडे गेला, २ चा ६७वा घात हाताने काढला, त्यातून १ वजा केला. फळ्याच्या दुसऱ्या भागात वरच्या दोन संख्या मांडून त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. खडू ठेवून तो जागेवर जाऊन बसला. शब्दही न बोलता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कुणीही प्रश्न विचारला नाही. बेल यांनी नंतर कोलला विचारलं, याला किती वेळ लागला? तीन वर्षांचे रविवार, असं उत्तर आलं.

बेल हे रंगवून सांगणारे लेखक होते हे गणिताच्या इतिहासकारांना चांगलं ठाऊक आहे, आणि ही हकीकत ज्या पुस्तकामुळे गाजली ते १९५१ चं, म्हणजे सभेनंतर जवळजवळ अर्धशतकाने आलेलं. टाळ्यांचा कडकडाट किती खरा, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते गोष्टीतला टिकाऊ भाग टाळ्या नाहीत, प्रश्न कुणी विचारला नाही हा आहे. विचारणार तरी काय? निबंधाची शंभर पानं वाचूनही जे पटलं नसतं ते फळ्यावरच्या एका गुणाकाराने पटलं. शोधायला तीन वर्षांचे रविवार आणि तपासायला एखादा तास. वाचकालाही हा गुणाकार कागदावर करता येईल. नऊ अंकी गुणिले बारा अंकी, जरा कंटाळवाणा, पण अवघड काहीच नाही. तेवढा धीर नसेल तर निदान नवाचा पडताळा घ्या. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे शेवटी १. दुसरीची ६४, तीही १. म-६७ च्या अंकांची बेरीज १०९, पुन्हा १. एक एके एक.

मर्सेनच्या यादीचा हिशेब पुढच्या काळात हळूहळू पुरा झाला. म-६१ मूळ असल्याचं उरल भागातल्या इव्हान पेर्वुशिन नावाच्या रशियन धर्मोपदेशकाने १८८३ मध्येच दाखवलं होतं. म-८९ आणि म-१०७ यांची भर राल्फ पॉवर्स या हौशी अमेरिकन गणितज्ञाने १९११ आणि १९१४ मध्ये घातली. म-२५७ संयुक्त निघाली. अकरातल्या दोन चुकल्या, तीन सुटल्या. तरीही या संख्यांना नाव मर्सेनचंच राहिलं.

कोल १९२६ मध्ये गेला. चिटणीसपदावरून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्याला जी रक्कम जमवून दिली, ती त्याने सोसायटीलाच दिली; तिच्यातून १९२८ पासून कोल पारितोषिक दिलं जातं. मुंबईत वाढलेले चंद्रशेखर खरे यांना २०११ मध्ये संख्यासिद्धांतासाठी हे पारितोषिक मिळालं, फ्रेंच गणितज्ञ जाँ-पिएर विंटनबर्जे यांच्याबरोबर, गणितज्ञ सेर यांच्या अटकळीच्या सिद्धतेसाठी. त्याआधी २००८ मध्ये ते मंजुल भार्गव यांना मिळालं होतं.

म-६७ फोडायला आजच्या कुठल्याही संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. मग संपली का गोष्ट? गंमत अशी की ल्युकाचा निकाल आणि कोलचं उत्तर यांच्यातली सत्तावीस वर्षांची दरी बुजली नाही, ती फक्त मोठ्या संख्यांकडे सरकली. ‘मूळ की संयुक्त’ हा प्रश्न दिवसेंदिवस सोपा होत गेला. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं की कुठल्याही संख्येबाबत हा प्रश्न सोडवायला लागणारा वेळ तिच्यातल्या अंकांच्या संख्येबरोबर आटोक्यात वाढतो. अवयव शोधण्याबाबत असा निकाल, नेहमीच्या संगणकांपुरता, आजही कुणाच्या हाती नाही.

याच दरीवर पैसे लावलेले आहेत, आणि अक्षरशः. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये जी आरएसए नावाची सांकेतिक पद्धत मांडली, तिची सुरक्षितता दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार सगळ्यांना दिसतो, अवयव फक्त मालकाला माहीत असतात. मार्टिन गार्डनर यांच्या गणितविषयक स्तंभातून त्याच वर्षी १२९ अंकांची एक संख्या वाचकांसमोर आव्हान म्हणून ठेवली गेली. ती फोडायला परार्धाच्या खालोखाल, मध्याच्या हिशेबात मोजावी लागतील इतकी वर्षं लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. १९९४ मध्ये ती फुटली, सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटवर काम वाटून घेतलं तेव्हा. त्यांनी वापरलेल्या पद्धतीला वर्गचाळणी म्हणतात, आणि तिचं मूळ सूत्र तेच आहे: दिलेल्या संख्येच्या पटीएवढं अंतर असलेले दोन वर्ग शोधा. कोलने लहान अवयवांच्या बाक्या जशा जमवल्या, तशाच तिथेही जमवतात, फक्त लाखोंनी. २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्या फोडली गेली. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या किल्ल्या ६१७ अंकी असतात.

मर्सेन संख्यांच्या घरातही तेच चित्र आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, आतापर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या मर्सेन संख्याच आहे: घातांक १३,६२,७९,८४१, अंक चार कोटी दहा लाखांहून जास्त. ल्युकाचीच कसोटी तिच्यावरही लावली गेली. आणि दुसऱ्या टोकाला म-१२७७. अंक फक्त ३८५. ही संख्या संयुक्त आहे हे ल्युकाच्या कसोटीवरून पक्कं ठरलेलं आहे. तिचा प्रत्येक विभाजक २,५५४ च्या पटीहून १ ने जास्त असणार आणि त्याला आठाने भागल्यावर १ किंवा ७ उरणार, हेही माहीत आहे. जगभरचे संगणक कित्येक वर्षं तिच्यामागे लागले आहेत. म-६७ नंतर सव्वाशे वर्षांनी, एकही अवयव माहीत नसलेली सर्वांत लहान संयुक्त मर्सेन संख्या हीच आहे.